पुलाला लागतं

सासूबाईंना शहर बघायचं होतं आणि नवऱ्याला सुट्टी नव्हती. सुरुवात झाली ती एवढ्याशा गोष्टीवरून.

"मला काय समोरच्या बिल्डिंगमधले कपडे वाळताना बघायला बोलावलंय का रे?" असं त्या पुन्हा एकदा म्हणाल्या, तेव्हा मुलानं ऑफिसातल्या कुणाकडून तरी एक नंबर मिळवला. खासगी गाडी, दिवसभर फक्त आपल्यासाठी. गाडी चालवणाराच सगळी माहिती सांगतो, शहरातली नावाजलेली ठिकाणं दाखवतो आणि संध्याकाळी दारात आणून सोडतो.

"तूही जा आईबरोबर," तो बायकोला म्हणाला. "तू तरी कुठे काय पाहिलंयस इथे आल्यापासून?"

"ती कशी बघणार?" सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून बसते."

सून दातांची डॉक्टर होती. सासूबाई तिला लाडात आल्या की 'डॉक्टरीणबाई' म्हणत, चिडल्या की 'अहो डॉक्टर'. दोघींचं बरं चाललं होतं. सासूबाईंनी सगळी नोकरी शाळेत शिवण शिकवण्यात घालवली होती, त्यामुळे कुठलीही गोष्ट उसवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि बोलणं तर रिळासारखं सुटत जायचं. वरचे दोन दात पडले तेव्हा सुनेनंच त्यांना ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर पेललेले खोटे दात, बसवून दिला होता. त्यातला सुळा सरळ लावायचा तर बाई हटून बसल्या. "माझा होता तसा तिरकाच हवा. सरळ लावलास तर वर गेल्यावर आमचे हे मला ओळखायचे नाहीत." सुनेनं मग तो तिरका करून घेतला. त्याच्या शेजारच्या दाढेला चावा जुळेना, म्हणून तिथे स्वतःच्या हातानं एक बारीक खाच पाडली. इतकं नेटकं काम तिच्या हातून क्वचितच झालं असेल.

गाडी वेळेवर आली. पांढरी, ऐसपैस, धुऊनपुसून लख्ख. गाडीवाला पन्नाशीचा, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, केस चापून बसवलेले. दार उघडून धरण्याची त्याची पद्धत इतकी अदबशीर होती की सासूबाई आत बसताना जरा ऐटीतच बसल्या. तो काहीतरी चघळत होता. आजकाल कोण चघळत नाही!

दार लागलं आणि सुनेला वास आला.

वरवर लिंबाचा वास होता, आरशाला टांगलेल्या डबीचा. त्याच्या खाली दुसरा होता. तो तिनं लगेच ओळखला. दातावरची जुनी कॅप सैल होते, माणूस आज-उद्या करत ती तशीच ठेवतो, आणि शेवटी ती काढली की खाली कुजलेल्या दाताचा एक गोडसर, उबट भपकारा येतो. तोच हा. क्लिनिकमध्ये त्या वासाचं तिला काही वाटत नसे. तिथे तोंडावर मास्क असतो, हातात हत्यार असतं आणि वास कुठून येतोय ते समोर दिसत असतं. इथे तो ती टेकून बसली होती त्या सीटमधूनच येत होता.

"तुम्हाला वास येतोय का हो कसला?" तिनं हळूच विचारलं.

"लिंबाचा," सासूबाई म्हणाल्या. "छान आहे की."

तिनं काच खाली केली.

पहिल्यांदा त्यानं त्यांना जुन्या पुलावर नेलं. शहराच्या प्रत्येक चित्रात असतो तो हा पूल, काळसर दगडाच्या कमानींचा. त्यावरून गाड्या जात नाहीत, नुसती माणसं चालतात. सकाळची वेळ होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी कठड्यावर रेलून नदी बघत होतं. गाडीवाला त्यांच्या पुढे चार पावलं चालत बोलत होता. आवाज मऊ होता, फक्त दर वाक्यानंतर तोंडातलं या गालातून त्या गालात नेण्याचा एक ओला आवाज यायचा.

"या पुलात चुना नाही, सिमेंट नाही," तो म्हणाला. "दगडावर दगड ठेवलेत नुसते."

"मग धरून कोण राहिलंय त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"माणसं," तो म्हणाला. सासूबाई हसल्या. तो हसला नाही.

मधल्या कमानीवर तो थांबला. दोन बोटं तोंडात घातली आणि चघळत होता तो गोळा बाहेर काढला. करडा, गुलाबी झाक असलेला, लाळेनं चकचकणारा. त्यातून लहान तुकडा तोडून त्यानं पुढच्या दातांत धरला आणि डोळे मिटून एकदा घट्ट चावला. मग वाकून कठड्याच्या दोन दगडांमधल्या फटीत तो अंगठ्यानं दाबून बसवला, दातांचे वण बाहेर राहतील असा. उरलेला गोळा परत तोंडात टाकला.

"अहो, हे काय करताय तुम्ही?" सुनेच्या तोंडून निघून गेलं.

"पुलाला लागतं, ताई," तो म्हणाला. गाडीला तेल लागतं हे सांगावं, तसं.

तिनं तेव्हा कठड्याकडे नीट पाहिलं. दुरून जी दगडांची जडण वाटली होती, तिची प्रत्येक सांध, वरपासून खालपर्यंत, त्या करड्या-गुलाबी लुगदीनं भरलेली होती. काही तुकडे वाळून काळे पडलेले, काही अजून ओलसर. प्रत्येकावर अंगठ्याचा खळगा आणि दातांची रांग. हजारो असतील. तो थांबल्यापासून ती त्यावरच कोपर टेकून उभी होती. कोपराला काहीतरी गार लागलं म्हणून तिनं हात उचलला, तर बाहीपासून कठड्यापर्यंत एक बारीक तार ताणली गेली आणि तुटली.

रुमालानं ती बाही घासत राहिली.

"असतात बाई एकेका गावाच्या तऱ्हा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांना विनोद सुचला. "अहो, पूल माझ्याही तोंडात आहे बरं का! आमच्या सुनेनं बांधलाय." आणि त्यांनी 'ई' करून दात दाखवले.

गाडीवाला जवळ आला. फार जवळ. हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून, तो सासूबाईंच्या तोंडात बराच वेळ बघत राहिला. चघळणं थांबलं होतं.

"चांगला आहे," तो शेवटी म्हणाला. "बसेल."

त्याला काय म्हणायचं होतं, ते सुनेला तेव्हा कळलं नाही. बहुतेक 'बसलाय' म्हणायचं असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

गाडीत बसल्यावर त्यानं मागे वळून एक स्टीलचा डबा पुढे केला. आत पातळ कागदात गुंडाळलेले लहान लहान तुकडे होते, कोरडे, फिकट, मळलेल्या कणकेच्या रंगाचे. सुनेनं मान हलवली. सासूबाईंनी एक उचलला.

"आई, नको. काय आहे माहीत नाही, कुणाच्या हाताचं आहे माहीत नाही."

"तू गप्प बस गं. तुझा ब्रिज बसल्यापासून मी काही चावलेलं नाही. चिकट खाऊ नका, कडक खाऊ नका, हे नको, ते नको. माणसानं चावायचं तरी काय?" त्यांनी तुकडा तोंडात टाकला. दोनदा, तीनदा चावला. चेहरा उजळला. "अगं, हे दाताला चिकटतच नाही!"

"कशासारखं लागतंय?"

सासूबाई विचारात पडल्या. "ओळखीचं आहे गं. लहानपणी खेळताना पडलं, जीभ चावली गेली, की तोंडात जी चव यायची ना..." त्या हसल्या. "तसं. पण छान."

गाडीवाल्यानं आरशातून पाहिलं आणि गाडी सुरू केली. आता गाडीत दोन तोंडं चालू होती.

घड्याळाचा मनोरा शहराच्या मध्यावर होता. आत गोल फिरत जाणारा अरुंद जिना. एकामागून एक चढावं लागे, आणि भिंतीला हात लावल्याशिवाय चढता येत नसे. सुनेनं तो लावला नाही. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून ती चढत होती, कारण पुलावर जे सांधींत होतं ते इथे सगळ्या भिंतीवर होतं. माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत दगड दिसतच नव्हता. थरावर थर. जिन्यात हवा नव्हती, जी होती ती उबदार आणि दमट, कुणीतरी आपल्या तोंडासमोर तोंड आणून श्वास सोडावा तशी. गाडीतला वास इथे उघडा होता. त्याच्यावर लिंबू नव्हतं.

ती तोंडानं श्वास घेऊ लागली. मग तो वास जिभेवर बसतोय असं वाटलं, आणि तिनं तेही थांबवलं.

नजर तरी कुठे ठेवायची? भिंत चेहऱ्यापासून वीतभर होती. आणि सवय वाईट असते. दात दिसले की ती बघायचीच. इथे खालचा जबडा पुढे आलेला. इथे दुधाचे दात, म्हणजे मूलच. इथे समोरच्या दाताचा तिरपा टवका उडालेला, आणि शेजारचा त्याच्यावर चढलेला...

ती थांबली. हे तोंड तिचं होतं. म्हणजे तिच्या पेशंटचं. पोहायला शिकवणारा एक उंच माणूस, तलावाच्या काठावर आपटून दात मोडून घेतलेला. कॅप बसवायला तो काही केल्या तयार होत नव्हता.

आला असेल कधीतरी मनोरा बघायला, तिनं स्वतःला सांगितलं. याच शहरात राहतो. इतर येतात तसा तोही आला असेल. आणखी दोन पायऱ्या वर तिला भिंतीत एक मुख्याध्यापिका भेटल्या, तिच्याच पेशंट, दातांमधल्या फटीसकट. मग क्लिनिकखालचा औषधवाला. हेही इथलेच, तिनं सांगितलं. पायांना मात्र घाई झाली.

वर घड्याळाची खोली होती. माणसाएवढी दातेरी चाकं, तेलाचा वास, चार बाजूंना चार पांढऱ्या तबकड्यांतून येणारा दुधी उजेड. इथे भिंती स्वच्छ होत्या. तिनं सुटकेचा श्वास टाकला. एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत लोखंडाची रुंद पट्टी भिंतीत ठोकलेली होती, गंजून लाल झालेली.

"मनोरा एकदा कलायला लागला होता," गाडीवाला सांगत होता. "तेव्हा ही पट्टी ठोकली. आपल्या आजोबा-पणजोबांच्याही आधीची गोष्ट. तिला नंतर कुणी हात लावलेला नाही."

पट्टीच्या काठाखाली एक तुकडा होता. अर्धा लोखंडाच्या आत चेपलेला, अर्धा बाहेर. दगडासारखा घट्ट, काळा. ती जवळ गेली ती केवळ सवयीनं. वाकून पाहिलं.

तिरका सुळा. शेजारी दाढ. दाढेच्या टोकाला एक बारीक खाच.

असे तिरके सुळे असतात, असं ती म्हणाली असती. खाच मात्र कुणाच्या तोंडात उगवत नाही. तिनं नखाचं टोक त्या ठशात फिरवलं. जिथे खाच वळायला हवी होती तिथे ती वळली, कारण तिथेच तिचा हात वळला होता. शिवणाऱ्या बाईला आपला टाका हजारात कळतो, तसं ते होतं.

"आई," ती म्हणाली. "आई, इकडे या जरा. हे बघा."

सासूबाई आल्या नाहीत. त्या तबकडीसमोर उभ्या होत्या आणि दुधी उजेडात त्यांचा जबडा हलत होता. सुनेच्या तेव्हा लक्षात आलं की पायथ्यापासून इथपर्यंत बाई एक अक्षर बोललेल्या नाहीत. पायऱ्या उंच आहेत म्हणाल्या नाहीत, गुडघ्यांचं नाव काढलं नाही. ही बाई देवाघरी जातानासुद्धा वाटेतल्या खड्ड्यांबद्दल बोलेल, असं घरात सगळे म्हणत.

गाडीवाला त्यांच्या शेजारी उभा होता. दोघांचे जबडे एकाच वेळी उघडत होते, एकाच वेळी मिटत होते. मागे मोठं चाक एकेक दाता पुढे सरकत होतं. तेही त्याच लयीत.

"आम्हाला घरी जायचंय," सून म्हणाली. "लगेच."

"हो ताई," तो म्हणाला. "एकच ठिकाण राहिलं. वाटेतच आहे."

गाडीत तिनं सासूबाईंचा हात धरला. गार होता. "आई, थुंका ते. हा रुमाल घ्या, यात थुंका."

सासूबाईंनी प्रेमानं तिच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"तोंड उघडा."

हे मात्र त्यांनी ऐकलं. तिच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस ऐकतो तसं. तोंड उघडलं, आणि वास असा अंगावर आला की तिचे डोळे पाणावले. आत जीभ दिसत नव्हती. टाळू दिसत नव्हता. सगळं तोंड त्या लुगदीनं भरलं होतं. नखाएवढा तर तुकडा घेतला होता बाईंनी! आता तो गालांना आतून फुगवत होता, आणि दात थांबलेले असतानाही हळूहळू हलत होता.

हातमोजे नव्हते. तिनं दोन बोटं आत घातली.

ऊब लागली. तिला वाटलं होतं मऊ असेल, तसं ते नव्हतं. ते जिवंत मांसासारखं लवचिक होतं, आणि बोटं रुतली तशी त्यानं ती धरली.

तिनं ओढलं. ते आलं. इतकंसं, मग वीतभर, मग आणखी, लाळेच्या तारा लोंबवत. संपेना. मागून कुठूनतरी येतच होतं. घशाच्या मागून, खालून.

मग अडकलं.

तिनं पुन्हा ओढलं, आणि सासूबाईंचं पोट आत गेलं.

"ओढू नका, ताई," गाडीवाला आरशातून म्हणाला. आवाज तसाच मऊ. "त्यांना दुखेल. ते आता आतलं झालंय."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या हसत होत्या. तोंड भरलेलं असताना जमेल तसं त्या म्हणाल्या, "राहू दे गं."

तिनं सोडलं. ते सगळं सुर्रकन आत गेलं. सासूबाईंनी तोंड मिटलं आणि चघळायला लागल्या.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि चालत्या गाडीतून ओकली.

शेवटचं ठिकाण म्हणजे पाण्याचं जुनं टाकं होतं, जमिनीखालचं. एके काळी सगळं शहर तिथलंच पाणी प्यायचं. आता ते कोरडं होतं आणि आत खांबांच्या रांगा होत्या. सासूबाई कुणी न सांगता उतरल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या. सून मागे धावली. त्यांच्या दंडाला धरून ती ओढत होती, रडत होती, "आई, चला ना, माझं ऐका ना," म्हणत होती, आणि सासूबाई तिला बरोबर घेऊन चालत होत्या, लहान मूल पदराला लोंबकळत असावं तशा.

एका खांबात फट पडली होती. नवी.

सासूबाई थांबल्या. तोंडात दोन बोटं घातली. जे सुनेला ओढून निघालं नव्हतं, त्याचा तुकडा त्यांच्या हातात अलगद आला. तो त्यांनी पुढच्या दातांत धरला. डोळे मिटले. चावला. मग फटीत ठेवून अंगठ्यानं दाबला, कापडाची कड दाबावी तसा, हलक्या हातानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

वर छतात कुठेतरी काहीतरी कुरकुरत होतं. ते थांबलं.

"बसलं," मागून गाडीवाला म्हणाला.

घरी पोचेपर्यंत सासूबाई पूर्ववत झाल्या. लिफ्टमध्ये त्यांनी शेजारणीला मनोऱ्याचं वर्णन सांगितलं, पायऱ्यांची तक्रार केली, गुडघ्यांची केली. तोंडात काही नव्हतं. नवऱ्यानं बायकोचं सगळं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत, मधे न बोलता. मग आईला विचारलं.

"च्युइंगम होतं रे नुसतं," आई म्हणाली. "हिला गाडी लागली. बिचारी ओकली."

सून वाद घालत बसली नाही. ती शिकलेली बाई होती. अशा वेळी आधी तपासायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना क्लिनिकमध्ये नेलं, खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, मास्क लावला, दुहेरी हातमोजे घातले. तोंड स्वच्छ होतं. घसा मोकळा होता. वास नव्हता. फक्त दाढांचे कंगोरे गेले होते. माणूस जन्मभर कोंडा-भुसा चावत राहिला तरच झिजतील इतके सपाट, गुळगुळीत झाले होते. आणि ब्रिज, दातापेक्षा कडक मालाचा, तिनं स्वतः बसवलेला, तोही झिजून पार कागदासारखा पातळ झाला होता. सुळ्यातून दिव्याचा उजेड आरपार येत होता.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"छे गं. उलट हलकं वाटतं." सासूबाईंनी पाण्याची चूळ भरली. "नवा करून देशील ना? कर बाई लवकर. लागेल मला."

त्या परत जाणार होत्या, गेल्या नाहीत. इथली हवा मानवली म्हणाल्या. रोज सकाळी पुलापर्यंत फिरून यायला लागल्या. मुलगा खूश होता. आई एकटी तिकडे काय करणार, असं त्याला वाटायचंच. जेवताना ती मनोऱ्याच्या, पुलाच्या गोष्टी सांगायची आणि तो हसायचा. सून ताटाकडे बघत राहायची. तिला आता कुणाचंही जेवणं बघवत नसे. घास आत जाताना, ओठ हलताना, गाल फुगताना दिसले की घशाशी यायचं. क्लिनिकमध्ये तर तिनं नवे पेशंट घेणंच बंद केलं. जे येत, त्यांनी आ केला की ती आधी डोळे मिटून घेई आणि मग उघडत असे.

आणि बोटं. उजव्या हाताची ती दोन बोटं. साबण झाला, स्पिरिट झालं, क्लिनिकमधलं निर्जंतुक करायचं औषधही त्यावर ओतून झालं. कातडी सोलून निघाली, पण वास नखांखाली राहिला. झोपेत हात तोंडाजवळ जाऊ नये म्हणून ती मोजे घालून झोपायला लागली. सकाळी उठली की एक मोजा उशाखाली सापडायचा.

एका रविवारी सकाळी ती बाल्कनीत उभी होती. खाली रस्त्यावर सासूबाई फिरायला निघालेल्या दिसत होत्या, त्यांच्यासारखीच आणखी चार-पाच माणसं त्याच दिशेनं चाललेली होती. नवरा चहाचे दोन कप घेऊन आला. एक तिच्यासमोर ठेवला. मग तिच्याकडे बघत राहिला.

"काय खातेस गं?" त्यानं विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

"मघापासून चघळतेयस काहीतरी."

"नाही रे. काहीच नाही तोंडात. हे बघ." आणि तिनं तोंड उघडून दाखवलं.

तो हसत पुढे वाकला. वाकलेलाच राहिला. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त त्यात आता कुणी नव्हतं. मग त्यानं दोन बोटं तिच्या हनुवटीखाली ठेवली आणि हलक्या हातानं तिचं तोंड मिटलं.

"बरं," तो म्हणाला.

तो आत गेला. तिला बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला. चहावर साय धरली तरी तो हात धूतच होता.